लोकलला लटकणाऱ्यांसाठी 'खातं' उघडणारा कलाकार: तुषार जोग यांची कला नेमकी होती तरी काय?

डोंबिवली स्टेशनवर सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीकडे जाणारी फास्ट लोकल पकडणं हे कसब आहे. बसायला मिळावं म्हणून काहीजण आधी उलट्या दिशेच्या गाडीने कल्याण गाठतात आणि तिथून परत येतात. बाकीच्यांना आत शिरता आलं तरी पुरे असतं. ज्यांना तेही जमत नाही, त्यांच्या वाट्याला दारातला दांडा आणि फूटबोर्डावरची वीतभर जागा येते. रेल्वेच्या भाषेत या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव आहे. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. चौरस मीटर किती मोठा असतो हे डोळ्यासमोर येत नसेल, तर कॅरम बोर्ड आठवा. त्याहून थोडीशीच मोठी जागा.

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. दोन्ही गाड्यांच्या दारांत प्रवासी लटकलेले होते. ते एकमेकांना घासून खाली पडले आणि त्यातल्या चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. त्यानंतर लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवण्याची घोषणा झाली आणि पुढचे काही दिवस टीव्हीवर गर्दीचीच चर्चा होती.

या अपघाताच्या साधारण वीस वर्षं आधी मुंबईतल्या एका कलाकाराने याच लटकणाऱ्या प्रवाशासाठी एक योजना मांडली होती. तिचं नाव 'कम्युटर अटॅचमेंट सिस्टीम', म्हणजे प्रवाशाला गाडीशी जोडून ठेवणारी व्यवस्था. गाडी वाढवता येत नाही, गर्दी कमी होत नाही, तर मग निदान माणूस नीट लटकेल अशी सोय करू, हा त्यामागचा विचार. योजना मांडणाऱ्या खात्याचं नाव होतं 'युनिसेल पब्लिक वर्क्स सेल'. खात्यात कर्मचारी एकच होता, तुषार जोग.

कोण होते तुषार जोग?

जन्म १९६६चा. शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलामहाविद्यालयात आणि नंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. १९९८ ते २००० या काळात ते अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीत होते. जगभरातल्या तरुण कलाकारांना स्टुडिओ आणि वेळ देणारी ही नावाजलेली संस्था आहे. याच सुमाराला शर्मिला सामंत आणि इतर कलाकारांसोबत त्यांनी मुंबईत 'ओपन सर्कल' हा गट सुरू केला. गॅलरीत बसून समाजावर चित्रं काढण्यापेक्षा रस्त्यावर, आंदोलनांमध्ये, लोकांच्या गर्दीत जाऊन काम करायचं असं या गटाचं धोरण होतं. २००४मध्ये जोग यांनी युनिसेल काढलं. डिसेंबर २०१८मध्ये त्यांचं निधन झालं.

इतकी ओळख पुरेशी आहे. कारण खरा प्रश्न वेगळा आहे: लोकलला लटकण्याचं साधन ही कला कशी काय झाली?

खातं एका माणसाचं, थाट सरकारचा

सरकारी सूचनेची एक भाषा असते. 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की', 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', 'काम प्रगतीपथावर आहे'. ही भाषा आपण वाचत नाही, नुसती ओळखतो. बोधचिन्ह आणि खात्याचं नाव दिसलं की आपण मुकाट्याने बाजूच्या रस्त्याने जातो. रस्ता का खोदलाय, कोणी खोदलाय, कधी बुजणार, हे विचारायला फार थोडे लोक थांबतात.

जोग यांनी हाच थाट उचलला. 'पब्लिक वर्क्स सेल' हे नाव कानावर पडताच सार्वजनिक बांधकाम खातं आठवावं, हे उघड आहे. या खात्याने शहराच्या अडचणींवर उपाय काढले, त्यांची साधनं बनवली, आराखडे तयार केले. सगळं अगदी गंभीर चेहऱ्याने. विनोद कुठेच लिहिलेला नसायचा. तो बघणाऱ्याच्या डोक्यात उशिरा पेटायचा.

लोकलचंच उदाहरण नीट बघू. रेल्वे कायदा १९८९चं कलम १५६ सांगतं की डब्याच्या टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर बसून प्रवास करणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. म्हणजे लटकण्याबद्दल कायद्याचं पहिलं म्हणणं असं की, दोष लटकणाऱ्याचा. दुसरीकडे त्याच कायद्यातलं कलम १२४-अ सांगतं की, गाडीतून चुकून पडून प्रवाशाचा मृत्यू झाला तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागेल. जिवंतपणी लटकलं तर दंड, मेल्यावर भरपाई. या दोन कलमांच्या मधल्या जागेत, म्हणजे रोज सकाळी कळव्यापासून बदलापूरपर्यंत, माणसाने काय करायचं हे कुणीच सांगत नाही.

युनिसेल नेमकं तेवढंच सांगतं. लटकणं बंद होणार नाही असं गृहीत धरून ते लटकण्याची सोय करतं. पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं की हे गृहीतक कलाकाराचं नाहीच. ज्या व्यवस्थेने ही गर्दी वर्षानुवर्षं चालवून घेतली, तिने ते कधीच धरलेलं आहे. कलाकाराने फक्त त्याचं साधन बनवून दाखवलं.

याला आपल्याकडे जुना शब्द आहे

'परफॉर्मन्स आर्ट' हा शब्द ऐकला की अनेकांना वाटतं, हे पाश्चात्त्यांचं खूळ. इतिहासाच्या पुस्तकांत त्याची सुरुवात बहुतेकदा न्यूयॉर्कमधून सांगतात. १९५९मध्ये अ‍ॅलन कॅप्रो या कलाकाराने तिथल्या एका गॅलरीत प्रेक्षकांनाच कामाचा भाग केलं आणि त्या प्रकाराला 'हॅपनिंग' असं नाव पडलं. पुढे जर्मनीच्या जोसेफ बॉइस यांनी समाज हेच शिल्प, असं म्हणायला सुरुवात केली. १९८२मध्ये त्यांनी कासेल शहरात ७,००० ओक झाडं लावायचा प्रकल्प सुरू केला. शेवटचं झाड १९८७मध्ये लागलं, तोवर बॉइस हयात नव्हते.

हे सगळं खरं, पण जोग यांच्या युनिसेलचं सर्वांत जवळचं नातं बहुधा न्यूयॉर्कशी नाही, बहुरूप्याशी आहे.

गावात बहुरूपी येतो तेव्हा तो हटकून अधिकाऱ्याच्या वेशात असतो. खाकी कपडे, हातात काठी, कधी काखेत कागदांचं भेंडोळं. दारात उभा राहून दम देतो, वॉरंट आहे म्हणतो, 'चला ठाण्यावर' म्हणतो. लहान मुलं घाबरतात, मोठी माणसं हसतात, त्याला धान्य किंवा पैसे मिळतात आणि तो पुढच्या दारात जातो. सोंग चांगलं वठलं की नाही, हे दोन क्षणांवर ठरतं. पहिल्या क्षणी खरा पोलीस वाटला पाहिजे. दुसऱ्या क्षणी तो खरा नाही हे कळलं पाहिजे. पहिला क्षण आलाच नाही तर सोंग फसलं. दुसरा क्षण आला नाही तर ती फसवणूक झाली.

या दोन क्षणांच्या मध्ये जे होतं, ते फार मोलाचं आहे. खाकी दिसताच आपण का घाबरलो, हा प्रश्न तिथे पडतो. आपण काहीच केलेलं नसताना हात का जोडले गेले? बहुरूपी हे विचारत नाही, पण घरातल्यांना ते थोडंफार कळतं, म्हणून तर ते हसतात. युनिसेल हा सरकारी खात्याचा वेश घेतलेला बहुरूपी आहे. फरक एवढाच की बहुरूप्याला धान्य मिळतं आणि युनिसेलच्या योजनेला निधी कधीच मिळणार नसतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे इथेही खरं.

गाडगेबाबांचं उदाहरणही इथे आठवतं. गावात आले की ते आधी खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचे. हा कोण वेडा म्हणून लोक बघत राहायचे. संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राहायचा आणि समोरच्यांना प्रश्न विचारत विचारत त्यांच्याच तोंडून उत्तरं काढायचा. दिवसभराचं झाडणं ही त्या कीर्तनाची प्रस्तावना होती. गाडगेबाबांना कलाकार म्हणायचा इथे हेतू नाही, त्यांना ते आवडलंही नसतं. पण अंगाने आधी काहीतरी करायचं, बघ्यांचं कुतूहल जागं करायचं आणि मग बोलायचं ही रीत मराठी माणसाला नवी नाही, एवढं मात्र नक्की.

उत्स्फूर्त म्हणजे तयारी नसलेलं?

या प्रकारच्या कलेवरचा नेहमीचा आक्षेप असा: यात कौशल्य काय? मनात आलं ते केलं, आणि झाली कला.

जोग यांची दोन कामं बघितली तर हा आक्षेप टिकत नाही. पहिलं २०१०मधलं. त्या काळात मुंबईचं शांघाय करायच्या घोषणा जुन्या झाल्या होत्या. २००३च्या 'व्हिजन मुंबई' अहवालानंतर शांघाय हा शब्द राजकारण्यांच्या भाषणांत सारखा यायचा आणि २००४-०५च्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. अशा वेळी शांघायमधल्या भारत-चीन कलाप्रदर्शनासाठी जोग यांनी ठरवलं की आपण मोटरसायकलवरून मुंबईहून शांघायला जायचं. गाडीचं नाव ठेवलं 'रोसिनांते'. पवनचक्क्यांशी लढायला निघालेल्या डॉन किहोते या कादंबरीतल्या वेड्या सरदाराच्या मरतुकड्या घोड्याचं हे नाव.

प्रवासाच्या एका टोकाला सरदार सरोवर होतं, दुसरीकडे चीनमधलं थ्री गॉर्जेस धरण. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बुडिताखाली आली, सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. थ्री गॉर्जेसमुळे बारा लाखांहून जास्त माणसांना घर सोडावं लागलं. 'शांघाय होणं' म्हणजे नुसत्या उंच इमारती नाहीत, तर त्या विजेसाठी आणि पाण्यासाठी कुणीतरी उठून जाणंही आहे, हे त्यांना नकाशावर बोट ठेवून सांगता आलं असतं. ते त्यांनी देहाने सांगितलं. रस्त्यात काय भेटेल, कुठे अडवतील, गाडी कुठे बंद पडेल हे आधी ठरवता येत नाही. उत्स्फूर्तपणा असतो तो इथे. चौकट पक्की आणि आतला मजकूर मोकळा. भारुडात किंवा गणगौळणीत जसं कथानक ठरलेलं असतं आणि बोलणं त्या रात्रीचं असतं, तसंच.

दुसरं काम त्याच्या अगदी उलट, जागचं न हलता केलेलं. डिसेंबर २०१०मध्ये डॉ. बिनायक सेन यांना रायपूरच्या न्यायालयाने राजद्रोहाच्या खटल्यात जन्मठेप सुनावली. त्यानंतर जोग यांनी कुलाब्याच्या क्लार्क हाऊस या कलाजागेत स्वतःला अडकवून घेतलं आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. भारतीय न्यायव्यवस्थेवरचा आणि लोकशाहीवरचा विश्वास मी उडू देणार नाही, अशा अर्थाचं. शाळेत 'शंभर वेळा लिहून काढ' अशी शिक्षा ज्यांनी भोगलीय, त्यांना यातली गंमत आणि बोच दोन्ही लगेच कळेल. वाक्य निष्ठेचं आहे की शिक्षेचं? दहाव्यांदा लिहिताना ते खरं वाटत असेल, हजाराव्यांदा लिहिताना काय वाटत असेल? एप्रिल २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेन यांना जामीन दिला.

इथे कौशल्य हाताचं कमी आणि सहनशक्तीचं जास्त आहे. पण ते आहे.

त्यांच्याआधी मुंबईत

जोग एकटे नव्हते. रुमाना हुसेन (१९५२-१९९९) या मुंबईच्या चित्रकार. डिसेंबर १९९२नंतरच्या दंगलींनी त्यांची चित्रकला बदलून टाकली. सपाट कॅनव्हास सोडून त्या फुटक्या मडक्यांचे तुकडे, गेरू, कापड, छायाचित्रं वापरायला लागल्या. यालाच मिश्र माध्यम म्हणतात: रंग पुरेनासा झाला की हाताशी असलेली वस्तूच कामात आणायची. १९९५मध्ये त्यांनी मुंबईत 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' हे सादरीकरण केलं. पायात घुंगरू, हातात मधोमध कापलेली पपई, उघडं पण आवाज न करणारं तोंड. कापलेली पपई काय सांगते, हे त्या दंगलींनंतरच्या मुंबईत कुणाला समजावून द्यावं लागलं नसेल.

मिश्र माध्यमाबद्दल एक गैरसमज असा की, चार वस्तू चिकटवल्या की झालं. हुसेन यांच्या कामात गेरू सजावटीला आलेला नाही. तो घर सारवण्याचा रंग आहे, आणि घरं जळाल्यानंतरचं ते काम आहे.

रस्त्यावर कला करायला परवानगी लागते का?

हा सोशल मीडियावर नेहमी विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. तिकीट लावून किंवा जाहीरपणे नाटक करायचं तर संहिता आधी मंडळाला दाखवून प्रमाणपत्र घ्यायची पद्धत १९५४पासून चालत आली आहे. अमोल पालेकर यांनी २०१६मध्ये या पूर्वपरीक्षणाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही दिलं. उत्स्फूर्त सादरीकरणाची अडचण अशी की त्याला संहिताच नसते. न लिहिलेलं तपासायचं कसं?

सरकारी माणसाचं सोंग घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा ठरू शकतो, पण त्यासाठी एखाद्या खऱ्या पदाचा आव आणून त्या जोरावर काहीतरी केलेलं असावं लागतं. युनिसेल हे अस्तित्वात नसलेलं खातं आहे, म्हणून ते वाचतं.

सर्वांत बोचरी गोष्ट पुढे आहे. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवणं यांच्या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे घेणंही येतं. म्हणजे कला महाविद्यालयातून शिकलेला कलाकार लोकलच्या डब्यात सादरीकरण करतो तेव्हा ती कला असते, त्याचे फोटो पुढे प्रदर्शनात लागतात. त्याच डब्यात ढोलकी वाजवत येणारा मुलगा किंवा बहुरूपी मात्र कायद्याच्या नजरेत भिकारी ठरू शकतो. जोग यांच्यासारख्या कलाकारांबद्दल विचारण्याजोगा खरा प्रश्न हा आहे. रीत बहुरूप्याची, मान मात्र गॅलरीवाल्याचा. त्यांच्या कामाने या अन्यायाचं उत्तर दिलं नाही. ते देणं एका कलाकाराच्या हातातलं नव्हतंही.

आज हे काम कोण करतं?

अमोल पाटील यांचं नाव यात आधी घ्यायला हवं. मुंबईच्या चाळीतलं जगणं, सफाई कामगारांचे हात-पाय, कातडी, धूळ हे त्यांच्या कामाचे विषय. आजोबा पोवाडे करणारे, वडील नाटकं लिहिणारे. म्हणजे सादरीकरण घरातूनच आलेलं. २०२२मध्ये कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या जगातल्या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांचं 'ब्लॅक मास्क्स ऑन रोलर स्केट्स' हे काम होतं. जिथे बॉइस यांनी झाडं लावली, तेच हे शहर.

आणि ठाण्यात पराग तांडेल आहेत. चेंदणी कोळीवाड्यातले. सर ज. जी. आणि बडोदा हीच वाट त्यांचीही. दोरा, रेझिन यांतून ते समुद्रातल्या जीवांसारखी शिल्पं करतात. पण इथे सांगण्यासारखं काम दुसरं आहे. कादंबरी कोळी यांच्यासोबत त्यांनी 'तांडेल फंड ऑफ अर्काइव्ह्ज' सुरू केलं. नाव पुन्हा एखाद्या संस्थेसारखं, आणि माणसं घरातली. कोळी समाजाच्या आठवणी, जाळी, बोली, पदार्थ यांचा संग्रह करायचा आणि तो लोकांसमोर न्यायचा, असं हे काम. जोग यांनी सरकारी खात्याचं सोंग घेतलं होतं, इथे संग्रहालयाचं घेतलंय असं म्हणावं, तर ते तितकंसं बरोबर नाही. कारण हा संग्रह खरा आहे. ज्या कोळीवाड्यांसाठी सरकारी संग्रहालय कुणी काढलं नाही, त्यांच्यासाठी दोन कलाकारांनी ते काढलं.

चेंदणी कोळीवाडा ठाणे स्टेशनला लागूनच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून इथेच येऊन थांबली होती. पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले.